वस्तीतल्या नशामुक्तीच्या कामासाठी सरकारी पैसा : कोणतं दार ठोठवायचं?

गेल्या महिन्यात पूर्व नागपुरातल्या एका महिला मंडळाच्या ताई भेटायला आल्या. पिशवीतून त्यांनी एक रुमाल काढून टेबलावर ठेवला. नववीतल्या पोराच्या दप्तरात सापडलेला. वाळून पापडासारखा कडक झाला होता, तरी पोरं नशेसाठी हुंगतात त्या पंक्चरच्या सोल्युशनचा वास जात नव्हता. "भाऊ, आमच्या गल्लीत असे सात पोट्टे आहेत. सरकार पैसे देते म्हणतात. मंग अर्ज कोणत्या योजनेत करू?"

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब अकरा वर्षं सांभाळले. त्या अनुभवावरून ताईंना आधी एकच प्रश्न विचारला : अनुदानाचा हप्ता लांबला, तर पदरचे पैसे घालून तुम्ही किती महिने काम रेटू शकता? कोणती योजना घ्यायची, ते माझ्या मते याच उत्तरावर ठरतं.

सगळ्यात मोठं दार केंद्राचं. सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाचा अमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०१८ पासून आहे आणि संस्थांना अनुदान त्यातूनच मिळतं. त्यातले तीन प्रकार आपल्या कामाचे. निवासी पुनर्वसन केंद्र, म्हणजे आयआरसीए. वस्तीतलं संपर्क केंद्र, म्हणजे ओडीआयसी. आणि समवयस्क पोरांमार्फत पोरांपर्यंत पोचण्याचं काम, त्याला सीपीएलआय म्हणतात.

नशामुक्ती म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे निवासी केंद्रच येतं. खाटा, डॉक्टर, नर्स, समुपदेशक, स्वयंपाकघर, रात्रपाळी. देशभरात अशी अनुदानित केंद्रं साडेतीनशेच्या आसपास आहेत आणि त्यांची गरज खरीच आहे. पण गल्लीतल्या मंडळाने इथून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नशेमुळे होणारे मानसिक आजारही येतात. त्यामुळे रुग्णाला ठेवून उपचार करायचे तर मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी लागते. ती नसताना चार खोल्या भाड्याने घेऊन पोरांना कोंडून ठेवणारी केंद्रं निघतात, आणि हतबल आईबाप तिथेही पैसे मोजतात. शिवाय खाटांचं काम थांबवता येत नाही. हप्ता आला नाही म्हणून दाखल पोराचं जेवण बंद करणार का?

संपर्क केंद्राला खाटा लागत नाहीत. एखादी मोकळी खोली, समुपदेशक, वस्तीत फिरणारे कार्यकर्ते. नशा करणाऱ्याने यावं, बसावं, बोलावं, तपासणी व्हावी आणि गरज असेल तर त्याला दवाखान्यापर्यंत सोबत न्यावं. सीपीएलआय त्याच्याही आधीच्या टप्प्यावरचं आहे : ज्यांनी अजून हात लावलेला नाही किंवा नुकताच लावलाय, अशी मुलं. ताईंची सात पोरं या दोहोंच्या मधली. एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) किंवा गांजावर जे रुळलेत त्यांच्यासाठी संपर्क केंद्र. सोल्युशन-व्हाइटनर हुंगणाऱ्या शाळकरी पोरांसाठी मी सीपीएलआयच निवडेन, कारण त्यांचं ऐकणारा माणूस त्यांच्याच वयाच्या आसपासचा असावा लागतो. सुईने नशा करणाऱ्यांचं काम मात्र वेगळं. त्याचा पैसा एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून येतो, समाजकल्याणातून नाही.

तिन्हींची वाट सारखीच. नोंदणीकृत संस्था, नोंदणीला किमान तीन वर्षं, ऑडिट झालेले हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, मग ई-अनुदान पोर्टलवर अर्ज, तपासणी, राज्याची शिफारस. नागपूरकरांनी श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात जाऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आधी बोलावं. हिवाळी अधिवेशनात मंत्र्यांच्या हाती निवेदन दिल्याने वर्तमानपत्रात फोटो येतो, प्रस्तावाची फाइल त्याने हलत नाही.

आणि हप्ता. एका वेगळ्याच सरकारी योजनेत आमचा वर्षाचा हप्ता पुढचं वर्ष उजाडल्यावर आला. आमचा समवयस्क कार्यकर्ता स्वतः गांजातून बाहेर पडलेला पोरगा होता. चार महिने बिनपगारी आला, पाचव्या महिन्यात धाब्यावर कामाला लागला. त्याच्या शब्दाखातर येणारी पोरं दोन आठवड्यांत यायची थांबली. पैसे मागाहून पूर्ण आले, अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं असं सरकारला लिहून देणारं उपयोगिता प्रमाणपत्रही बिनचूक गेलं. ती पोरं काही परत आली नाहीत. म्हणून सांगतो, निदान सहा महिन्यांचे पगार हाताशी असल्याशिवाय केंद्राच्या अनुदानावर माणसं नेमू नका.

दुसरं दार आपल्या ओळखीचं : आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती. आमदाराला वर्षाला ५ कोटी, खासदारालाही ५ कोटी. इथे ओळखपाळख चालते, भेट लवकर मिळते. पण खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून समाजभवन होईल, वाचनालयाची खोली होईल, समुपदेशकाचा पगार होणार नाही. कुलूप लावलेली समाजभवनं आपल्या शहरात काय कमी आहेत? तुमच्याकडे माणसं आहेत आणि फक्त जागा अडली आहे, तरच इकडे जा. जिल्हा नियोजनाचा पैसा जरा लवचीक असतो, पण तो सरकारी विभागामार्फतच खर्च होतो. मंडळाच्या हाती थेट येईल अशी आशा धरू नका.

गडचिरोलीच्या मुक्तिपथचं उदाहरण बरेचजण देतात. २०१६ पासूनचं ते काम दारू आणि तंबाखूवर आहे. राज्य सरकार, डॉ. अभय बंग यांची सर्च संस्था आणि टाटा ट्रस्ट्स एकत्र आले, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात ते उभं राहिलं. शिकण्यासारखं भरपूर आहे, पण एका मंडळाच्या अर्जात बसणारं नाही.

तिसऱ्या दाराला लोक निधी म्हणतच नाहीत. पैसा न मागता सरकारची माणसं मागायची. नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालं, आता सगळीकडे आहे. शाळांसाठी नवचेतना हा प्रशिक्षणक्रम आहे. नागपुरात मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, मनोविकार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एनकॉर्डची, म्हणजे अमली पदार्थविरोधी समन्वयाची, जिल्हा समिती बसते. तुमच्या गल्लीमागे विक्री कुठे होते हे तिच्यापर्यंत लेखी पोचवता येतं. हेल्पलाइनच्या नंबरांचा मात्र घोळ होतो. व्यसनाबद्दल सल्ला हवा तर १४४४६, मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६, आणि विक्रीची खबर द्यायची तर १९३३. आईने घाबरून भलत्याच ठिकाणी फोन लावू नये, म्हणून हे तीन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

या वाटेला उपयोगिता प्रमाणपत्र लागत नाही, पण रोजचा पाठपुरावा लागतो. कोणाला तरी पोराचा हात धरून ओपीडीच्या रांगेत बसावंच लागतं. ऑटोचं भाडं मंडळाच्या वर्गणीतून जातं. तरी ताईंना मी हेच आधी निवडायला सांगितलं, कारण यात कोणाचा पगार थकत नाही. आणि वर्षभराची कामाची नोंद हाती असली की सीपीएलआयचा प्रस्तावही भक्कम होतो.

नोंद कशी ठेवायची यावर आमचं बोलणं बराच वेळ चाललं. घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. कमी मात्रेतल्या गुन्ह्यात किंवा केवळ सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला, तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. पण हे कलम वस्तीत कोणाला ठाऊक असतं?

ताईंनी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर एक ते सात आकडे घातले, नाव एकाचंही नाही. आकड्यासमोर तारीख, कोण सोबत गेलं, पुन्हा कधी जायचं. दोन नंबरच्या पोरासमोर दोन तारखा पडल्या आहेत. रुमाल त्याच्याच दप्तरातला होता.