वस्तरा: नवा घडवून घ्यावा, की जुन्या पात्याला मूठ करून घ्यावी?

मोजक्या पैशांत आपल्या पसंतीचा वस्तरा हवा असेल, तर दोनच वाटा विचार करण्याजोग्या उरतात. एखाद्या होतकरू, अजून नाव व्हायचं असलेल्या कारागिराकडून पात्यापासून मुठीपर्यंत सगळं घडवून घ्यायचं. किंवा जुनं, कारखान्यात बनलेलं चांगलं पातं शोधायचं आणि त्यावर आपल्या मनासारखी मूठ चढवून घ्यायची. नावाजलेल्या कारागिरांना इथे धरलेलं नाही. त्यांच्याकडची प्रतीक्षायादी आणि त्यांचे दर, दोन्ही या लेखाच्या आवाक्याबाहेरचे. माझ्याकडे दोन्ही वाटांनी आलेले वस्तरे आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. माझा कल पुढे कळेलच. तुमची दाढी, तुमचा हात आणि तुमची हौस वेगळी असू शकते, एवढं धरून वाचा.

तिसरी एक वाट लोक सुचवतात. गोल्ड डॉलरसारखा स्वस्तातला चिनी वस्तरा घ्यायचा आणि त्याचंच पातं पुन्हा घासून, आकार बदलून घ्यायचं. स्वतःच्या हाताने काही करून बघायचं असेल तर याच्याइतकं चांगलं शिक्षण नाही, कारण बिघडलं तरी फारसं जात नाही. पण दुसऱ्याला मजुरी देऊन हे काम करून घेण्यात मला मतलब दिसत नाही. त्या पात्याची पाठ आणि टाचेजवळचा, म्हणजे मुठीकडच्या टोकाचा, जाड भाग सरळ करण्यातच कारागिराचा वेळ जातो, आणि तो वेळ तुमच्या बिलात येतो.

आता पहिली वाट. तिची गोडी नाकारण्यात अर्थ नाही. रुंदी ५/८ इंच हवी की ७/८, टोक गोल की चौकोनी, धार सरळ की किंचित हसरी (मधे बाहेर आलेली), पात्यामागची शेपूट किती वळलेली, बोटाखाली खाचा हव्यात की नकोत, हे सगळं तुम्ही ठरवता. कारागीर कागदावर आकृती काढून पाठवतो, तुम्ही त्यावर रेघा मारता, तो पुन्हा काढतो. मला हा भाग इतका आवडला की वस्तरा हातात येण्याआधीच निम्मे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

पोलादाबद्दल फार डोकं चालवू नका. छोट्या भट्टीवर काम करणारा माणूस ओ१ किंवा १०९५ ही साधी कार्बन पोलादं सुचवत असेल तर आनंदाने हो म्हणा. ओ१ साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात विझवता येतं. ते माफक साधनांतही नीट जमतं. एईबी-एल हे मुळात दाढीच्या पात्यांसाठीच बनलेलं स्टेनलेस पोलाद. गुणाने उत्तम, पण त्याला हजार अंशांच्या वरचं आणि काटेकोर तापमान लागतं. कारागिराकडे तशी भट्टी नसेल तर नावावर भाळू नये. दमास्कसच्या, म्हणजे थर जोडून बनवलेल्या पोलादाच्या, लाटा दिसायला सुंदर दिसतात. गालाला मात्र त्यातलं काही कळत नाही. बजेट कमी असताना त्यावर खर्च केला, की तेवढी कात्री दुसरीकडे कुठेतरी लागते.

ती कात्री नेमकी कुठे लागते, यावर माझा निर्णय ठरला.

कमी पैशांत काम घेतलेल्या कारागिराला वेळ वाचवावाच लागतो. त्याला दोष देता येत नाही. पण मुठीची पॉलिश, शेपटीचं वळण, कोरलेलं नाव हे सगळं फोटोत दिसतं, म्हणून तिथे तो वेळ वाचवत नाही. पात्याच्या दोन्ही बाजू सारख्या पोकळ (आत खोलगट) घासणं आणि पाठ टाचेपासून टोकापर्यंत एकसारख्या जाडीची ठेवणं फोटोत दिसत नाही. वेळ तिथे वाचतो. शिवाय हे काम अवघड आहेच. पाणी देताना पातळ पातं किंचित पीळ खातं, आणि तो पीळ नंतर घासून काढायला मोठी चाकं आणि मुरलेला हात लागतो. जर्मनीतल्या झोलिंगेन किंवा इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये, या पात्यांच्या जुन्या गावांत, पातं ठोकणारा, पाणी देणारा, घासणारा आणि मूठ बसवणारा हे वेगवेगळे व्यवसाय होते. घासणारा माणूस आयुष्यभर घासतच असे. आजचा एकटा कारागीर ही चारही कामं करतो आणि त्यातलं सर्वांत कठीण काम सर्वांत कमी वेळात उरकतो. म्हणूनच कमी पैशांतले वस्तरे बहुधा जाडसर घासलेले असतात आणि ती ‘शैली’ म्हणून सांगितली जाते. जाडसर पातं वाईट असतं असं नाही; माझ्या राठ दाढीला ते चालतं. पण शैली म्हणून जाड ठेवणं आणि वेळ नाही म्हणून जाड राहणं यांत फरक आहे.

माझ्या घडवून घेतलेल्या वस्तऱ्याने दाढी चांगली होते, हे आधी नोंदवतो. पहिले काही आठवडे तर तो माझा लाडका होता. चामड्याच्या पट्ट्यावर चार हात मारले की तयार. कटकट सुरू झाली ती त्याला पहिल्यांदा दगडावर घेतल्यावर.

वस्तऱ्याची सगळी गंमत अशी की धारेचा कोन तुम्ही ठरवत नाही, पातं ठरवतं. दगडावर पाठ आणि धार एकदम टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून कोन आपोआप येतो. १९ मिमी रुंद पात्याची पाठ साडेपाच मिमी असेल तर कोन साडेसोळा अंशांच्या आसपास. तीच पाठ टाचेजवळ सहा मिमी असेल तर तिथे कोन अठरापर्यंत जातो. फक्त अर्धा मिलिमीटर! डोळ्यांना तो दिसत नाही, बोटालाही लागत नाही, पण दगड लगेच दाखवतो.

माझ्या पात्याला असाच बारीकसा पीळ आहे. एका बाजूने बेव्हल, म्हणजे दगडाने धारेलगत पडणारी तिरपी पट्टी, टोकाकडे रुंद आणि टाचेकडे सुतासारखं. बाजू उलटली की बरोबर उलट. त्यात भर म्हणजे टाचेजवळचा जाड आधार, ज्याला स्टॅबिलायझर म्हणतात, तो जरा जास्तच पुढे आलेला. तो दगडाच्या कडेवर चढला की टाच हवेत राहते. धारेवर मार्करची शाई लावून दगडावर एक हात फिरवला की सगळी शाई निघते, शेवटचं बोटभर तेवढं काळं राहतं. मग पातं तिरपं धरा, दगडाची कड वापरा, हात गोल फिरवा, पाठीला टेप लावा, एका बाजूला एक पदर आणि दुसऱ्या बाजूला दोन. सगळं करून धार येते. येते, पण कारखान्याच्या पात्याला मी जेवढ्यात सकाळचा चहा संपवतो तेवढ्यात जी धार लागते, तिच्यासाठी इथे अख्खी दुपार जाते, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. हे मोजमाप नव्हे, माझा अनुभव. तुमचा हात माझ्यापेक्षा तयार असेल तर ही तक्रार तुम्हाला फुसकी वाटेल. कारागिराने विनातक्रार पुन्हा धार लावून दिली, हेही सांगायला हवं. पण धार लावल्याने पाठीचा पीळ जात नाही.

सौंदर्यातली खोट माणूस विसरतो. दर काही महिन्यांनी समोर येणारी खोट विसरता येत नाही, आणि हळूहळू हात दुसऱ्या वस्तऱ्याकडे वळतो.

दुसरी वाट म्हणजे जुनं पातं. ते आपोआप निर्दोष असतं असा समज असेल तर सोडा. जुन्या मालात फसायला भरपूर वाव आहे, फक्त फसवणूक आधी दिसू शकते, हा माझ्या मते मोठा फायदा. धारेच्या रेषेत खोलगट बाक असेल तर नको. पाठीवर घासल्याची सपाट पट्टी दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद असेल तर आधीच्या मालकाने चुकीचा दाब दिला आहे. पाठ आणि धार बरोबरीने झिजलेली असतील तर कोन फारसा बदलत नाही, त्यामुळे थोडी झीज मी मनावर घेत नाही. पात्याच्या मध्यावरचे गंजाचे ठिपके चालतात. धारेपासून दोन-तीन मिमीच्या आतले चालत नाहीत, कारण दगडावर गेल्यावर तिथेच धार तुटते. आणि केसासारखी चीर. ती दिसली की विषय संपला.

पात्यावर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचं. त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. याचा गुणवत्तेशी संबंध नाही, पण विकणारा ‘दोनशे वर्षांपूर्वीचं’ म्हणत असेल तर उपयोगी पडतं. शेफील्डच्या वेड अँड बुचर छापाची पाती जाडजूड आणि भारदस्त. झोलिंगेनची पाती बहुतेक पातळ पोकळ, दाढी करताना गुणगुणणारी. स्वीडनमधल्या एस्किलस्टुनाच्या हेलिएस्ट्रांड छापाची थोडी महाग पण पोलाद अप्रतिम. फार ऐकलेलं नाव नसेल तरी चालतं. त्या गावांत शेकडो छाप होते आणि अनामिक पात्यांतही फार चांगली सापडतात, तीही नावाच्या जोरावर किंमत न वाढलेली.

जुन्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, असतात. त्या कुजू लागल्या की आम्लाच्या वाफा सोडतात आणि आतलं पातं गंजवतात. तेव्हा मूठ बदलणं ही नुसती हौस राहत नाही. पातं चांगलं आणि मूठ सडकी, असा वस्तरा स्वस्तात मिळतो, आणि आपल्याला तर मूठ टाकायचीच असते.

मग तोच होतकरू कारागीर, तेच पैसे, पण काम मुठीचं. इथे हाताचं काम खुलतं आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक पोटात घातली जाते. शिंग, लाकूड, मायकार्टा किंवा जी१० (दोन्ही राळेत थर दाबून बनवलेले), काय हवं ते घ्या. शिंग हातात सर्वांत जिवंत लागतं, पण दमट हवेत वाकू शकतं आणि अधूनमधून तेल मागतं. लाकूड असेल तर राळ मुरवलेलंच घ्या. न्हाणीघरात साधं लाकूड सहसा टिकत नाही. मायकार्टा कंटाळवाणा म्हणतात लोक. मी तोच घेतला आणि ओल्या हातातून तो निसटत नाही. जुन्या हस्तिदंती मुठीच्या मोहात पडू नका. आफ्रिकी हत्तीच्या दाताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे, आणि जुना असल्याचे कागद नसतील तर पार्सल सीमेवर अडकतं, कधी परत येतही नाही.

कारागिराशी बोलायचं ते रंगापेक्षा पाचरीबद्दल. मुठीच्या शेवटाला दोन फळ्यांमध्ये बसणारी पाचर निमुळती घासलेली असली की फळ्या पात्याला किंचित आवळून धरतात आणि पातं मधोमध मिटतं. सपाट तुकडा बसवला की पातं मिटताना कधीतरी फळीला धार लागते. दुसरं वजन. उघडल्यावर वस्तरा पातं आणि मूठ जोडणाऱ्या पिनेजवळ तोलला गेला तर मनगट दमत नाही. जाड फळ्या आणि वर पितळी पाचर झाली की सगळा भार मागे जातो. प्रत्येक फळी तीन मिमीच्या आसपास असली की पुरे.

या वाटेची गैरसोय म्हणजे पातं कारागिराकडे पाठवावं लागतं, आणि जुनी पिन काढताना काही झालं तर जबाबदारी घ्यायला सगळेच तयार नसतात. ते आधी विचारून घ्या. आकारही मनासारखा सापडेपर्यंत थांबावं लागतं. ‘मी घडवला’ हे समाधान अर्धंच मिळतं, हे मान्य. मला तेवढं पुरलं. आठवड्यातून बहुतेक दिवस हात त्याच वस्तऱ्याकडे जातो.

तरीही पहिली वाट कुणी घ्यावी? ज्यांना ८/८ च्या पुढचं रुंद पातं हवं आहे, आकार अगदी नेमका हवा आहे, किंवा धार लावणं हाच ज्यांचा छंद आहे, त्यांनी. अशांना माझी कटकट कदाचित करमणूक वाटेल. फक्त आगाऊ रक्कम देण्याआधी कारागिराकडे त्याने आधी बनवलेल्या एखाद्या वस्तऱ्याचे दोन फोटो मागा: एक पाठीच्या बाजूने सरळ वरून घेतलेला, आणि एक मूठ बसवण्याआधी पातं सपाट काचेवर आडवं ठेवून, काचेच्या पातळीवरून घेतलेला. आणि स्टॅबिलायझर धारेपासून निदान सात-आठ मिमी मागे ठेवायला लेखी सांगा. मुठीचा फोटो तो न मागताच पाठवेल.