माझीच चरबी मलाच विकली, 1,16,000 रुपयांना

85,000 गालांत चरबी भरायचे, 22,000 ‘स्टेम सेल’ म्हणजे मूळ पेशींचे, 9,000 उरलेली चरबी सांभाळून ठेवायचे. सगळे रोख. बिल हवं तर कॉस्मेटिकला 18 टक्के जीएसटी, म्हणजे नुसत्या 85,000 वर 15,300 जादा, हे रिसेप्शनवरच्या मुलीनं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. कर खरोखरच लागतो, म्हणून संशय आला नाही. आता हातात पावती नाही आणि ‘तुम्ही पैसे दिले कशावरून?’ असं मलाच विचारतात. बिलाशिवाय सूट देणाऱ्याच्या दारातून आल्या पावली परत फिरा.

नटायची हौस म्हणून गेले असं कुणी समजू नये. टायफॉइडनंतर गालफडं बसली होती, भेटेल तो ‘बरं नाही का?’ विचारायचा. फिलर, म्हणजे गालात टोचायचं जेल, काही महिन्यांत उतरतं, स्वतःची चरबी जन्मभर राहते, असं सांगितलं. पोटावरची काढायची, गालात भरायची. माझी जाऊ बँकेत अधिकारी आहे, तिलाही पटलं. प्रत्यक्षात नव्या जागी रक्तपुरवठा मिळाला तरच ती चरबी जगते, बराचसा भाग विरघळतोच आणि किती टिकेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. शंभर टक्के टिकेल म्हणणारा खोटं बोलतोय.

तीनेक महिन्यांत गाल उतरले, डावा जास्त. ‘टच-अप फुकट, त्यासाठीच तर ठेवलीय ना चरबी!’ मदतनीसानं माझ्यासमोर फ्रीज उघडला. घरगुती, एका दाराचा. बर्फाच्या कप्प्यात सिरिंजा, त्यांवर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेननं नावं; माझ्या आडनावातला काना गायब. खालच्या फळीवर कुणाचा तरी जेवणाचा डबा. तिथंच उठायला हवं होतं! पण अंगात गाऊन, तोंडाला बीटाडीन फासलेलं, पैसे आधीच गेलेले. तुम्ही उठला असता?

अशी गोठवलेली चरबी बहुतांशी मेलेलीच असते, हे नंतर एका खऱ्या प्लास्टिक सर्जनकडून कळलं. तोवर गाल लाल झाला, ताप भरला, आत हरभऱ्याएवढ्या गाठी आल्या. ‘मसाज करा, जिरतील.’ जिरल्या नाहीत. सोनोग्राफीत तेल साचलेल्या गाठी आणि पू निघाला. वर 46,500 गेले. मेडिक्लेमनं छदाम दिला नाही, कॉस्मेटिक पॉलिसीत बसत नाही म्हणे.

त्याच टच-अपला कपाळही 12,000 मध्ये करून देणार होते. भुवयांच्या मधे किंवा नाकाजवळ चरबी चुकून रक्तवाहिनीत गेली तर डोळ्याची वाहिनी बंद होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो. म्हणून जाणकार कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची पोकळ नळी, वापरतात, थोडी थोडी भरतात. माझ्याकडे 12,000 नव्हते, एवढंच माझं नशीब.

तक्रारीची कथा तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, डॉक्टरवर थेट गुन्हा घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा 2005 चा निकाल आहे, आधी तज्ज्ञांचा अहवाल आणा. अहवालासाठी गेले तर पोलिसांचं पत्र आणा! डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयात कळलं की पाटीवरचे ‘डॉक्टर’ होमिओपॅथीचे, त्यामुळे ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’. मग दुसरं कार्यालय. तिथं अर्ज घेतला, पोच द्यायला टाळाटाळ. पालिकेत साहेब मीटिंगमध्ये. एका बाबूनं माझा गाल निरखून ‘पण एवढं काही दिसत नाही हो’ असं ऐकवलं. यांना काय, आंधळी होऊन यायला हवी होते?

पाटीवर नोंदणी क्रमांक बघा आणि तो डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या यादीत तपासा. भिंतीवरच्या ‘कॉस्मेटोलॉजी फेलोशिप’ला भुलू नका, एमसीएच प्लास्टिक सर्जरी ही सर्जनची पदवी आहे का, तोंडावर विचारा. संमतीपत्राची प्रत मागा, मला दिली नव्हती. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मी तिथं तक्रारीला व्हॉट्सॲपवरचे रकमेचे मेसेज छापून लावलेत. समोरच्याचा वकील मागच्या तारखेला आलाच नाही, पुढची दिवाळीनंतर. क्लिनिक चालू आहे, आता ‘फेस्टिव्ह ऑफर’ लावलीय.