तिसरा ‘चान्स’ आणि उतारवयातील बुद्धी

मूल हवे की नको आणि दोनवर थांबावे की तिसरे होऊ द्यावे, हे ठरवताना म्हातारपणी आपली स्मरणशक्ती शाबूत राहण्याचा विचार करायचा असेल, तर हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, कारण त्यांच्यामागचा पुरावा सारख्या दर्जाचा नाही.

अपत्यहीन आणि अपत्य असलेले यांची सरळ तुलना फसवी ठरते. आजारपणामुळे मूल न झालेले, लग्नच न केलेले आणि विचारपूर्वक नकार दिलेले असे सगळे एकाच रकान्यात येतात. त्यामुळे जो फरक दिसतो तो मुलांचा की मुळातल्या परिस्थितीचा, हे सांगता येत नाही.

दोन विरुद्ध तीन ही तुलना मात्र अधिक भरवशाची आहे. पहिली दोन्ही अपत्ये मुलगेच किंवा मुलीच असली, की आईवडील तिसरा ‘चान्स’ घेण्याची शक्यता वाढते, आणि हा योगायोग कुणाचे शिक्षण किंवा पगार पाहून घडत नाही. एरिक बोन्सांग आणि वेगार्ड स्किरबेक या संशोधकांनी २०२२ मध्ये नेमका याचाच आधार घेऊन युरोपातील ६५ वर्षांवरील लोकांची माहिती तपासली. या वयोगटाच्या अशा पाहणीत दहा शब्द ऐकवून लगेच आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, तसेच मिनिटभरात जमतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायला लावतात. तीन किंवा अधिक मुले असलेल्यांची पीछेहाट सुमारे ६.२ वर्षांनी वय वाढण्याइतकी निघाली. पैशाची ओढाताण, आईची सुटलेली नोकरी आणि वर्षानुवर्षांचा ताण ही त्याची संभाव्य कारणे आहेत. अर्थात, हा आकडा मुख्यतः पहिल्या दोघांच्या लिंगामुळे तिसऱ्याकडे वळलेल्यांना लागू पडतो. ज्यांना पहिल्यापासून चार मुले हवी होती, त्यांच्याविषयी तो फारसे बोलत नाही.

उलट, ‘यूके बायोबँक’ या ब्रिटनमधील लोकांच्या आरोग्याच्या माहितीसंग्रहातील मेंदूच्या प्रतिमांवर आधारित आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलांची संख्या जास्त तितकी मेंदूतील जोडण्यांची ठेवण तरुण दिसली, आणि तीही आयांबरोबर वडिलांमध्येसुद्धा. पण तो निव्वळ सहसंबंध आहे, आणि प्रतिमेतली ठेवण म्हणजे प्रत्यक्ष स्मरणशक्ती नव्हे. माझ्या मते पारडे पहिल्या अभ्यासाकडे झुकते.

मूल नको असलेल्यांनी या कारणासाठी निर्णय बदलू नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत अपत्यहीनता नाही, एकाकीपणा आणि बहिरेपणा मात्र आहेत.