लिबरऑफिसमध्ये लाघवचिन्ह: खिडकीपेक्षा ऑल्ट-एक्स बरं

‘डॉ॰’, ‘पं॰’, ‘चि॰ सौ॰ कां॰’ यांतलं बारकं वर्तुळ म्हणजे लाघवचिन्ह. मराठीत आता टिंबावरच भागतं, पण हिंदी मजकूर किंवा जुनी छपाई जशीच्या तशी उतरवायची तर ते लागतंच. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) त्याची स्वतंत्र जागा आहे: यू+०९७०, दशमानात २४१६. तरी त्या जागी बऱ्याचदा शून्य (यू+०९६६) नाहीतर अंशाचं चिन्ह (दशमानात १७६) बसवलेलं असतं. कागदावर ते खपून जातं, शोधताना अडतं. ‘डॉ०’ शोधलं तर ‘डॉ॰’ हाती लागत नाही. शून्य हा अंक, लाघवचिन्ह हे विरामचिन्ह. युनिकोडचं कुठलंही नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) त्यांना एक करत नाही.

लिबरऑफिसच्या रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये ‘इन्सर्ट’ मेनूतल्या ‘स्पेशल कॅरॅक्टर’ खिडकीत ६.० आवृत्तीपासून शोधपेटी आली. मात्र तिला युनिकोडचं इंग्रजी नावच कळतं. ‘लाघव’ टाकून काही मिळत नाही. शिवाय निवडलेल्या फॉन्टमध्ये चिन्ह नसेल तर ते दिसतच नाही. लिबरेशन सेरिफमध्ये शोधत बसू नका, आधी नोटो सान्स देवनागरी निवडा. खरी खोड पुढे आहे: चिन्ह त्या फॉन्टसकट चिकटतं. नंतर परिच्छेदाची शैली बदलली की सगळा मजकूर बदलतो आणि वर्तुळ तेवढं जुन्या फॉन्टात राहतं. ते निवडून कंट्रोल-एम दाबा (हाताने दिलेला ठळकपणाही त्याबरोबर जातो).

ऑल्ट-एक्सला मात्र पैकीच्या पैकी गुण. ‘डॉ’ला लागूनच ०९७० टाका, ऑल्ट-एक्स दाबा, झालं. आकडे रोमनच हवेत. इथे छापलेत तसे देवनागरी टाकले तर चिन्ह उमटत नाही, उलट शेवटच्या आकड्याचाच कोड उघडा पडतो, आणि मराठी कीबोर्ड चालू असताना नेमकं हेच होतं. आधी एखादा रोमन आकडा चिकटून असेल तर तोही कोडात धरला जातो, तेव्हा कोडापुढे रोमन यू आणि अधिकचिन्ह लावा. उलट दिशेनेही चालतं: संशयित वर्तुळानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्याचा कोड उघडा पडतो, पुन्हा दाबलं की चिन्ह परत. खिडकीत हे जमत नाही.

फाइल साध्या मजकुरात साठवताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा. तिथे हे चिन्ह तीन बाइटांचं: २२४, १६५, १७६. तीच फाइल विंडोज-१२५२ (रोमन लिपीचं जुनं एन्कोडिंग) समजून उघडली तर एका वर्तुळाचे तीन तुकडे होतात: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, मग ¥, मग °. शेवटचा तुकडा नेमका अंशाचं चिन्ह, त्यामुळे घाईत ‘थोडा कचरा पुसला की झालं’ असं वाटतं आणि चुकीचं वर्तुळ मागे उरतं. जुन्या इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या एन्कोडिंगचं १९९१चं मानक) हेच चिन्ह २४० व १९१ अशा दोन बाइटांचं आहे. २४० हा विस्ताराचा संकेत. रूपांतरक तो ओळखत नसेल तर चिन्ह गळतं.

जुना मजकूर दुरुस्त करायला ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुना देऊन शोधण्याची सोय) चालू करून शोधा:

(?<=[अ-ॐं])[०°](?![०-९])

बदली म्हणून नुसतं ॰ द्या. कंसातला अनुस्वार मुद्दाम आहे, नाहीतर ‘कां०’ सुटतं. ‘रिप्लेस ऑल’ मात्र नको. ‘कलम अ०’सारखं खरं शून्यही यात सापडतं, म्हणून एकेक बघत पुढे जा.