माळ्यावरची खोली: वरून बंद करायची की कौलांखाली मोकळी ठेवायची?

डिचोलीतल्या आमच्या जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत उभी राहिली, पण आढं एकच राहिलं. वासे तेच, मंगळुरी कौलं तीच, ऊन-पाऊसही तोच. पुढे चुलतभावाने, म्हणजे दादाने, आणि मी आपापल्या बाजूचा माळा राहण्याजोगा करून घेतला, मात्र दोन वेगळ्या पद्धतींनी. पाहुणे आले की कोण कुठे झोपेल याचा आमच्याकडे नेम नसतो, त्यामुळे दोन्ही खोल्यांत मी सगळ्या ऋतूंत राहिलोय.

दादाने खोली पूर्ण बंद केली. वाशांखाली ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचतंतूंचा कापसासारखा थर, त्याखाली जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग आणि इन्व्हर्टर एसी. मी वाशांना खालून प्लायच्या सुट्या चौकटी लावल्या, त्यांच्या वरच्या अंगाला चकाकणारी फॉइल. चौकट आणि कौल यांच्यात चार-पाच इंच पोकळी सोडली, दोन्ही टोकांच्या तिकोनी भिंतींत जाळीची झडपं बसवली आणि आढ्याजवळ एक एक्झॉस्ट पंखा. एसी घेतला नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी दादाची बाजू सरस, यात वादच नाही. पणजीला दुपारी खारा वारा तरी असतो. आमच्यापर्यंत तो येईतो त्याचा जोर ओसरतो. एक ते चार माझ्या माळ्यावर बसून अभ्यास होत नाही, मुलगी पुस्तकं घेऊन खाली जाते. फॉइल आणि पोकळीमुळे डोक्यावर भाजल्यासारखं होत नाही एवढं खरं, पण हवा गरमच. रात्री मात्र चित्र पालटतं. कौल पातळ, दिवस मावळला की ते भराभर निवतं आणि पंख्याने कोंडलेली हवा बाहेर गेली की नऊ-दहानंतर झोप लागते. ऑक्टोबरच्या उकाड्यातही साधारण हेच. थंडीत दोन्हीकडे सुख आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

खरी परीक्षा पावसाची. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तो सगळा या कौलांवरून वाहतो. एखादं कौल सरकणारच. माकडं उड्या मारतात, रात्री उदमांजर फिरतं, वाऱ्याने आंब्याची फांदी आपटते. प्रश्न एवढाच की सरकलेलं कौल सापडतं कसं.

माझ्या निवडीचं कारण हेच. एका जुलैत दादाच्या पलंगाच्या बरोबर वर पिवळट डाग उमटला. वर कौल बघावं तर शाबूत. पाणी दुसरीकडूनच शिरत होतं, ग्लासवूलमध्ये मुरून, बोर्डावरून वाहत येऊन सांध्याशी टपकत होतं. शेवाळलेल्या कौलांवर भर पावसात कोणी चढायला तयार होईना, आणि त्यांचं बरोबरच होतं. पाय घसरतो, शिवाय एक शोधताना चार फुटतात. ताडपत्री टाकली, ती वाऱ्याने उडाली, पुन्हा टाकली. चवथीपर्यंत खोलीत कुबट वास आणि बोर्डाला फुगवटा. पाऊस गेल्यावर सीलिंग उतरवलं तेव्हा फुटलेलं कौल डागापासून तीन वासे पलीकडे निघालं. भिजलेलं ग्लासवूल ओल्या गोधडीसारखं जड झालं होतं, त्याचा उपयोग संपलेला. मी तोवर माझा माळा करायला घेतला नव्हता. ते बघूनच सुताराला सांगितलं, वरचं सगळं हाताने उघडता आलं पाहिजे.

माझी प्रत्येक चौकट चार खिट्ट्यांवर आहे. थेंब पडला की खिट्ट्या फिरवायच्या, चौकट उतरवायची, टॉर्च मारायचा. ओला वासा दिसतो, त्याच्या वरच्या बाजूला कौल रीपेवरून, म्हणजे ज्या आडव्या पट्टीवर ते अडकतं तिच्यावरून, सुटलेलं दिसतं. तळहाताने ते वर ढकलून पुन्हा रीपेत अडकवलं की काम झालं. फुटलं असेल तर आतूनच बदलता येतं.

पावसात एसीचंही थोडं वेगळं असतं. बाहेर मुळात फार गरम नसतं, खोली चटकन थंड होते, कॉम्प्रेसर मंदावतो आणि हवेतला दमटपणा पुरेसा निघत नाही. शिवाय वरची दमट हवा थंड बोर्डाला पाठीमागून लागते, तिथे पाणी सुटतं. ड्राय मोडवर फरक पडतो, दादाही आता तेच करतो. पण आमच्याकडे पावसात वीज जाते, आणि घरच्या बॅटरीवर पंखा चालतो, एसी नाही.

माझ्या बाजूचे त्रासही आहेत. जोराची सर आली की फोनवर बोलता येत नाही, दादाकडे तो आवाज बराच दबतो. फॉइलवर धूळ बसली की चकाकी जाते आणि तिचं कामही जातं, म्हणून दर मेमध्ये चौकटी काढून पुसाव्या लागतात. पाली येतात.

दुपारीही वरच बसून काम करायचं असेल, किंवा घरात तान्हं मूल असेल, तर दादाची पद्धत तुम्हाला जास्त सोयीची पडेल असं मला वाटतं. फक्त सीलिंगला दोन-तीन ठिकाणी माणसाचे खांदे जातील अशी झाकणं ठेवा आणि ग्लासवूलऐवजी पाणी न पिणारे एक्सपीएसचे (थर्मोकोलसारख्या पण जास्त घट्ट फोमचे) शीट घाला. पण माळा मुख्यतः झोपायला आणि वर कौलं जुनी असतील, तर मी तरी मोकळीच ठेवा म्हणेन. तेव्हा सुताराला चौकटीचं माप आधीच द्या: एकट्या माणसाला डोक्यावर तोलून उतरवता येईल एवढंच. माझ्या दोन बाय तीन फुटांच्या आहेत. त्याहून मोठी केली की ती काढायला दुसरा माणूस लागतो, आणि मग गळती उद्यावर जाते.