ब्रेक लाईट विझेना : १२५ सीसी, आठ महिन्यांनंतर

मायलेज, सीट, हेडलाईट यावर सगळ्यांनी भरपूर लिहून झालंय, त्यामुळं ते शेवटी दोन ओळींत उरकतो. मला लिहायचंय ते मागच्या ब्रेकच्या स्विचबद्दल, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक लाईट लावणारा. अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, पण त्यानं माझा आख्खा पावसाळा खाल्ला.

ही १२५ सीसीची बाईक पाडव्याला घेतली. रोज खानापूर ते उद्यमबाग आणि परत, म्हणजे पन्नासच्या आत-बाहेर किलोमीटर. जुलैत एका सकाळी पिरनवाडीजवळ एक स्कूटरवाले काका शेजारी आले आणि ओरडले, "ब्रेकवर पाय ठेवून चालवतोस काय रे? मघापासून बघायलोय, लाईट विझतच नाही तुझी!" पाय ब्रेकवर नव्हता. कारखान्यात पोचल्यावर मागं जाऊन बघितलं, तर चावी फिरवल्याबरोबर दिवा लालभडक.

मेहुण्याचं म्हणणं, "नव्या गाड्यांना असंच असतंय की. पुढची लाईट बंद होत नाही, तशी मागचीही." २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा कायम चालू असतो हे खरं. पण मागचं तसं नाही. त्या बल्बात दोन तारा असतात, ५ वॅटची नेहमीची आणि २१ वॅटची ब्रेकची. २१ची कायम पेटलेली असली तर आपण ब्रेक मारलेला मागच्याला कळायचा कसा? तरी दोन दिवस मी मेहुण्याचं खरं मानलं, हे लिहायला लाज वाटते.

मग सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही, बेळगावात आहे एवढं पुरे. स्विच बदलला, मजुरीसकट २१० रुपये. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, "पावसाचं पाणी गेलंय, आम्ही काय करणार?" मी म्हटलं, गाडी बेळगावात विकता, मग पाऊस काय दुबईचा धरला होता काय? काउंटरवरच्या पोरानं हसून पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली. एक शहाणपणा मात्र केला, जुना स्विच मागून घेतला. पैसे मोजलेत तर पार्ट आपला, ही आमच्या घरची रीत.

आठ दिवसांत पुन्हा तेच. लाईट पेटलेलीच.

आता मी स्वतः पाना घेतला. स्विचच्या अंगावर आटे असतात आणि त्यावर एक नट. तो फिरवून स्विच खाली घेतला की लाईट उशिरा लागते, वर घेतला की लवकर, एवढं ऐकून माहीत होतं. नट चिखलानं घट्ट बसलेला, म्हणून मी स्विचलाच पकडीत धरून फिरवला. इथं चुकलो. स्विचबरोबर खालच्या दोन्ही वायरी पिळल्या गेल्या आणि एक आतून तुटली. दुसऱ्या दिवशी मागचा ब्रेक कितीही दाबा, लाईट नाही. पुढच्या लिव्हरनं लागत होती, म्हणजे बल्ब ठीक. मागच्या स्विचचा कपलर (वायरी जोडायचा तुकडा) काढून दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली, लगेच लागली. म्हणजे वायरिंगही ठीक, स्विच मात्र मी मारला. बाजारातून ७० रुपयांचा लोकल आणून बसवला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी लाईट परत पेटलेलीच!

इथपर्यंत मी ठरवलं होतं की कंपनीनं स्वस्तातला स्विच घातलाय आणि हा रिव्ह्यू एक स्टारचा लिहायचा. मजकूरही मनात तयार होता.

आमच्या कारखान्यातले फोरमन अण्णा डब्यानंतर पार्किंगमध्ये विडी ओढत उभे होते. आता चौथा स्विच आणावा लागणार, अशी गोष्ट मी काढली तर म्हणाले, "साकु. आता स्विच बदलणं साकु." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. पुढं येऊन त्यांनी चपलेचं टोक ब्रेक पेडलाखाली घातलं आणि पेडल जरासं वर उचललं. लाईट विझली. पाय काढला, पेडल तिथंच राहिलं. एकदा हलकं दाबून सोडलं, तर पेडल तीन-चार मिलिमीटर खालीच अडकलं आणि लाईट पेटली. "स्विच काय करंल? त्याला कोण सोडायलाच तयार नाही."

पेडल दाबलं की स्प्रिंग स्विच ओढते, तो ओढला की लाईट लागते. पेडल पूर्ण वर आलंच नाही तर स्विच बिचारा ओढलेलाच राहणार. लेथवर शतांश मिलिमीटर बघणारा मी, आणि डोळ्यांसमोरचे चार मिलिमीटर दिसले नाहीत.

संध्याकाळी पेडलचा बोल्ट काढला. ग्रीस नावालाही नव्हतं. बुशमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या नळीत, लाल गाळ, वाळून कडक झालेला, नखानं खरवडला तर गेरूसारखी पूड पडायची. आमच्या खानापूरच्या मातीची कौलं होतात, तेव्हा तिनं बुशमध्ये वीट थापली यात नवल नाही. रॉकेलनं धुतलं, बारीक एमरी पेपर मारला, ग्रीस भरून बसवलं. पेडल सोडलं की टक्कन वर.

मग सेटिंग. आधी चाकाजवळचा नट फिरवून ब्रेकचा खेळ, म्हणजे पेडल किती दाबल्यावर ब्रेक लागतो ते बसवायचं, लाईट त्यानंतर. उलटं केलं तर दोनदा करावं लागतं. आणि स्विच हातानं घट्ट धरून नटच फिरवायचा. नट जाम असेल तर आधी तेल सोडून अर्धा तास थांबा, माझ्यासारखी पकड लावू नका. ब्रेक लागायच्या जरा आधी दिवा पेटला की झालं.

घरी आल्यावर डब्यातला पहिला, कंपनीचा स्विच मल्टिमीटरवर धरला. ओढला की बीप, सोडला की गप्प. ठणठणीत! त्याला रबराची टोपी आहे, ७० वाल्याला नाही, म्हणून तोच परत बसवला. लोकल डब्यात गेला. म्हणजे २८० रुपये गेले ते एका बोटभर ग्रीसपायी. एक स्टार मागे घेतला. पण नव्या गाडीच्या पेडलात शोरूमनं बोटभर ग्रीस भरलं असतं तर काय त्यांची इस्टेट गेली असती, हा राग अजून आहे.

मायलेजबद्दलही तोंड गप्प करावं लागलं. ५२ देते म्हणून दोन महिने बोंबलत होतो. ब्रेक थोडा लागलेलाच असायचा, घरी आल्यावर मागचा हब हाताला गरम लागायचा. ग्रीसनंतर ५८ आलं. सीट कडक आहे, खानापूरपर्यंत चालतं. हेडलाईट ठीक, पण थंडीत उसाच्या ट्रॉलीला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, तिथं कुठलाही हेडलाईट कमीच.

ऑगस्टनंतर आजपर्यंत त्रास नाही. दर रविवारी चपलेच्या टोकानं पेडल उचलून बघतो. धुवायला दिली की तिथल्या पोराला सांगतो, पेडलच्या बोल्टावर फवारा मारू नकोस, ग्रीस निघतंय. तो "होय की अण्णा" म्हणतो आणि नेमका तिथंच मारतो.