एकटीनं जायचंय, लिस्बन की सेविया?

एकट्या माणसाचा दिवस कुठेही जातो. किल्ले असतात, चर्च असतात, पाय चालत राहतात. खरा प्रश्न संध्याकाळचा. कुठे बसायचं, काय खायचं, किती वाजेपर्यंत बाहेर थांबायचं, हे सगळं आपलं आपणच ठरवायचं असतं. म्हणून पोर्तुगालचं लिस्बन आणि स्पेनचं सेविया, या दोन शहरांतलं एकच निवडायचं असेल, तर मी बघण्याच्या ठिकाणांची यादी बाजूला ठेवून संध्याकाळपासूनच सुरुवात करते. दोन्हीकडे मी एकटी राहिले आहे, लिस्बनला सहा दिवस आणि सेवियात पाच.

सेवियात एकटीनं जेवणं ही अडचणच नाही. तापास म्हणजे लहान बश्या, आणि त्या बारच्या फळीपाशी उभ्यानं खायच्या. समोरची रिकामी खुर्ची खुपत नाही, कारण खुर्चीच नसते. एक बशी संपली की पुढच्या बारमध्ये. शाकाहारी असाल तर ‘एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस’ एवढं पाठ करून जा. पालक आणि काबुली चणे, त्यात जिरं आणि लसूण. हा सेवियाचा घरचा पदार्थ आहे आणि आपल्या जिभेला अजिबात परका वाटत नाही. सालमोरेहो हे टोमॅटोचं थंड, दाट सार. ते मागवताना ‘सिन हामोन’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे पेरलेले येतात, आणि उकडलेलं अंडंही असतं. रात्रीचं जेवण नऊनंतर. जूनमध्ये सूर्यच पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आज्या, कडेवर पोर घेतलेल्या आया, सगळे चौकात असतात. अकरा वाजता नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीतून पूल ओलांडून मुक्कामी परतताना मला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

लिस्बनची संध्याकाळ शांत आहे. टेकडीच्या कडेला ‘मिरादोरु’ असतात, म्हणजे कठडा असलेले सज्जे. खाली लाल कौलं, पलीकडे तेजो नदी. तिथे दोन तास गप्प बसलं तरी कोणी काही विचारत नाही. ज्याला हे हवंय त्याला सेवियाचा गोंगाट नको होईल. फाडो, म्हणजे इथली हुरहुर लावणारी गाणी, ती गातात त्या घरी मात्र एकटीनं जरूर जा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि बोलणं थांबतं, तेव्हा सोबत कोणी नाही हे जाणवतच नाही. किमान किती रुपयांचं, म्हणजे युरोंचं, खावं लागेल ते आत शिरण्याआधी विचारून घ्या. साध्या खानावळीत बसल्याबसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. ‘मेया दोझ’ म्हटलं की अर्धं ताट मिळतं, एकटीला तेवढं पुरतं. शाकाहाऱ्यांची मात्र इथे थोडी ओढाताण होते, सगळीकडे खारवलेला मासा.

पण लिस्बनमध्ये मराठी माणसाला एक गोष्ट मिळते ती सेवियात नाही. बाजारात उभी राहिले तर समोर बटाटा, अननस, कोबी, काजू आणि पाव होते, आणि विकणारी बाई जवळजवळ हेच शब्द उच्चारत होती, कारण ते मराठीत आले पोर्तुगीजांकडूनच. खोलीची किल्ली देताना घरमालकीण ‘शाव’ म्हणाली आणि मला चावी ऐकू आलं. लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. मठाच्या बांधकामाला पूर्वेकडच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या कराचा पैसा लागला. खांबांवर दगडात कोरलेले दोरखंड बघताना गोव्याची साडेचारशे वर्षं डोक्यातून जात नाहीत. मी तिथे ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ थांबले. सोमवारी मठ बंद असतो.

सेवियाचं वैभव अमेरिकेतून आलं. कॅथेड्रलमध्ये कोलंबसची शवपेटी चार राज्यांचं प्रतीक असलेल्या चार पुतळ्यांनी खांद्यावर घेतली आहे. त्याच तिकिटावर हिराल्दा चढता येतो. हा बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार, पुढे घंटाघर झाला. आत जवळजवळ वरपर्यंत जिन्याऐवजी चढण आहे, घोड्यावरून जाता यावं म्हणून केलेली, त्यामुळे गुडघे कुरकुरत नाहीत. अल्काझार या राजवाड्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे, तर लिस्बन म्हणजे चढउतार. फुटपाथ चुनखडीच्या लहान गुळगुळीत दगडांचे. पावसाची सर येऊन गेल्यावर आल्फामा या जुन्या वस्तीच्या उतारावर मी सपशेल पडले आणि दोन दिवस मनगट सुजलं होतं. रबरी तळव्याचे बूट न्या. मुक्काम बायशा या मध्यवर्ती भागात घ्या. १७५५ च्या भूकंपानंतर नव्यानं आखलेला तो भाग सपाट आहे, बॅग ओढत नेता येते. २८ नंबरच्या ट्राममध्ये खिसेकापू असतात, पर्स पोटाशी धरा. सेविया सपाट, सगळं पायी होतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या दोन महिन्यांत जायचं असेल तर लिस्बनच, दुसरा विचार नको.

पहिल्यांदाच एकट्यानं निघत असाल आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हाताशी असेल, तर माझं मत सेवियाला. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आणि एप्रिलची जत्रा तेवढी टाळा, खोल्यांचे भाव भलतेच चढतात. शिवाय वेगवान रेल्वेनं कोर्दोबा पाऊण तासावर आहे, तिथली मशीद एका दिवसात बघून होते. आधी एखादी एकट्याची सहल झाली असेल तर लिस्बन निवडा.

व्हिसा दोन्हीकडे शेंगेनच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. दोन्ही शहरं करायची असतील तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करा. मधे थेट रेल्वे नाही, बसनं सहा-सात तास लागतात, आणि स्पेनचं घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे हे परतीची बस पकडताना लक्षात ठेवा.